पैलतीरीची बाटली

दारूबंदीचा इतिहास लिहिणारे बहुधा दोन जातीचे असतात. एकांना दारूबंदी करणाऱ्यांचे कौतुक, दुसऱ्यांना ती मोडणाऱ्या गुंडांचे. मधल्यामध्ये गिऱ्हाईक बिचारे राहून जाते. गिऱ्हाईक म्हणजे कोणी अट्टल दारूबाज नव्हे. नोकरीधंदा सांभाळणारा, बायकोला जरा भिऊन असणारा साधा गृहस्थ. त्याला शनिवारी रात्री दोन घोट घ्यायचे असतात आणि सोमवारी शाबूत डोळ्यांनी कामावर जायचे असते. ‘शाबूत डोळ्यांनी’ हे शब्द मी अलंकार म्हणून वापरलेले नाहीत. ते का, ते पुढे येईलच.

१७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत देशभर दारूबंदी लागू झाली. मौज अशी की, त्या कायद्याने पिणे हा गुन्हा ठरवलाच नाही. करणे, विकणे, वाहून नेणे, बाहेरून आणणे हे सारे गुन्हे. घरात आधीची शिल्लक असेल तर ती बसून पिण्यास मुभा. साहजिकच शिल्लक संपली की गृहस्थाची नजर शेजारच्या देशाकडे वळे.

ही नजर सर्वांत सहज वळे ती डेट्रॉइट शहरात. अमेरिकेच्या उत्तरेला कॅनडा, असे आपण शाळेत घोकलेले असते. पण डेट्रॉइटच्या धक्क्यावर उभे राहिले की समोरचा कॅनडा चक्क दक्षिणेला असतो. मी तिथे गेलो तेव्हा ही दिशांची गंमत पटायला मला बराच वेळ लागला. मध्ये नदी, तीही हाकेच्या नाही तरी नजरेच्या सहज टप्प्यातली. पलीकडे विंडसर गाव, आणि त्याला लागून वॉकरव्हिल. हायरम वॉकर नावाच्या डेट्रॉइटच्या वाण्याने १८५८ साली नदी ओलांडून तिथे व्हिस्कीची भट्टी घातली, तिच्याभोवती हे गाव वसले. त्या दशकात मिशिगन राज्याने दारूबंदीचा एक प्रयोग करून पाहिला होता. त्या धास्तीने हा माणूस पलीकडे गेला असे म्हणतात. ‘कॅनेडियन क्लब’ ही व्हिस्की त्याचीच.

आता ‘चांगली व्हिस्की’ म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. ताजी गाळलेली व्हिस्की पाण्यासारखी पांढरी आणि घशाला सोलणारी असते. लाकडी पिंपात काही वर्षे पडून राहिल्यावर तिला रंग येतो आणि तिचा कडकपणा मवाळ होतो. पण पिंपात ती किती काळ होती, हे बाटली पाहून कळत नाही. जळलेली साखर घालून आठ दिवसांच्या दारूलाही आठ वर्षांचा रंग देता येतो. म्हणून मुरल्याची हमी कोणीतरी द्यावी लागते. कॅनडाने १८९० साली दोन वर्षे मुरवण्याचा नियमच करून टाकला. त्याआधी १८८३ पासून सरकारी देखरेखीखाली, अबकारी खात्याच्या कुलुपातल्या गोदामात बाटल्या भरण्याची सोय होती, आणि अशा बाटलीच्या बुचावर सरकारी पट्टी चिकटवलेली असे. अमेरिकेने असाच कायदा १८९७ साली केला. त्यात मुदत चार वर्षांची होती. गिऱ्हाईक खरे तर या पट्टीचेच पैसे मोजत असे. दारूबंदीने अमेरिकेतली दारू नाहीशी झाली नाही. नाहीशी झाली ती दुकानातली ही पट्टी.

तेव्हा आमचा गृहस्थ बोटीत बसून विंडसरला उतरला, असे समजू. त्याला बाटली मिळाली का? सरळ मार्गाने नाही! कारण ओंटारिओ प्रांतात १९१६ पासूनच दारूबंदी होती. तिथल्या भट्ट्यांना दारू गाळायला परवानगी होती, परदेशी पाठवायलाही होती. शेजारच्या माणसाला दुकानात विकायला मात्र नव्हती. सुक्या देशाचा नागरिक सुक्या प्रांतात दारू शोधायला आलेला! त्याला एक बाटली मिळत नसे, पण धक्क्यावरून शेकडो पेट्या राजरोस होड्यांवर चढत. कागदावर मुक्काम लिहिलेला असे ‘क्यूबा’. सकाळी क्यूबाला निघालेली वल्ह्याची होडी दुपारी रिकामी परत येई आणि पुन्हा क्यूबाला निघे. असे दर्यावर्दी आपल्या कोकणातही झाले नसतील. अमेरिकेचे कायदे राबवणे हे आपले काम नव्हे, अशी कॅनडाच्या अधिकाऱ्यांची भूमिका होती. हिवाळ्यात नदी गोठली की मोटारीच बर्फावरून हाकत.

ही व्हिस्की पलीकडे उतरली की तिचे हाल सुरू होत. एका बाटलीत पाणी, कच्चा अल्कोहोल आणि रंग घालून तिच्या तीन बाटल्या करायच्या, वर छापखान्यातून आणलेली लेबले डकवायची, आणि सरकारी पट्टीसुद्धा खोटी लावायची. म्हणून ज्याच्या खिशात पैसा होता तो सरळ आगगाडीने माँट्रियलला जाई. क्वेबेक प्रांताने १९२१ साली दारूची सरकारी दुकाने काढली होती. तिथे एका वेळी एकच बाटली मिळे, पण ती खरी असे. दक्षिणेला मेक्सिकोतल्या हुआरेस गावी निराळीच तऱ्हा. केंटकीतल्या मेरी डाउलिंग या बाईंनी आपली भट्टी उचलून तिकडे नेली आणि अमेरिकन पद्धतीची व्हिस्की परमुलुखात गाळायला सुरुवात केली. मला या साऱ्या इतिहासात ही बाई सर्वांत धीराची वाटते.

१९२७ साली ओंटारिओने बंदी उठवली आणि सरकारी दुकाने उघडली. दुकान कसले, कचेरीच ती! मांडलेली बाटली एकही नाही, भिंतीवर यादी. गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर नाव आणि परवान्याचा क्रमांक लिहून सही करायची, मग कारकून आतून कागदात गुंडाळलेली बाटली आणून देणार. परवाना प्रवाशालाही लागे. हे वाचताना मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यानंतर प्रकृतीच्या कारणासाठी परमिट काढण्याची जी रीत पडली तिची आठवण ‘परमिट रूम’ या पाटीच्या रूपाने गावोगाव लटकते आहे. आपल्यालाही तेव्हा शेजारी होता. गोवा आणि दमण १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होते, आणि तिथे हा कायदा नव्हता. ज्याला गोवा दूर त्याच्यासाठी मुंबईच्या झोपडपट्टीत ‘नवटाक’ होतीच.

आता डोळ्यांविषयी. अमेरिकन सरकारने कारखान्यांचे अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम मिथेनॉल मिसळायला लावले होते. चोरट्यांनी ते चोरून, अर्धवट शुद्ध करून, व्हिस्की म्हणून विकले. मिथेनॉल शरीरात गेले की त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते प्रथम दृष्टीच्या नसेवर घाव घालते. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये कित्येक माणसे अशा दारूने मेली, आणि विषाचे प्रमाण कमी करण्याऐवजी नंतर ते वाढवण्यात आले. १९३० साली ‘जमैका जिंजर’ नावाच्या औषधी अर्कात भेसळ झाली आणि हजारो गरीब माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. ज्यांना माँट्रियलचे तिकीट परवडत होते त्यांतले त्यात फारसे कोणी नव्हते. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसे मेली ती याच मिथेनॉलने, तेही दारूबंदी नसलेल्या महाराष्ट्रात. तिथे पट्टीची बाटली दुकानात होती. तिची किंमत खिशात नव्हती.

नदीवरचा पूल १९२९ साली झाला, भुयारी रस्ता १९३० साली. लोकांनी त्या भुयाराला गमतीने ‘नरसाळे’ म्हणायला सुरुवात केली. त्याच १९३० साली कॅनडाने अमेरिकेकडे दारू रवाना करण्यावर बंदी घातली आणि क्यूबाच्या सफरी थंडावल्या. ५ डिसेंबर १९३३ ला अमेरिकेतली बंदी उठली. दुकाने उघडली, पण तेरा वर्षांत नव्याने मुरायला ठेवलेला माल देशात फारच थोडा होता. मुरलेली पिंपे होती ती कॅनडात. वॉकर घराण्याने आपली कंपनी १९२६ सालीच हॅरी हॅच नावाच्या व्यापाऱ्याला विकली होती. बंदी उठताच या हॅचने इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी प्रचंड भट्टी उभारली. ती १९३४ साली चालू झाली, आणि शहात्तर वर्षांपूर्वी नदीपार गेलेले वॉकरचे नाव पुन्हा अमेरिकेच्या भूमीवर एका भट्टीच्या दारावर लागले.