गोंदियातील सिकलसेल : एका बदललेल्या जनुकाचा माग

सिकलसेल हा गोंदिया जिल्ह्यातील जुना आनुवंशिक आजार आहे. हाडे आणि सांधे असह्य दुखणे, डोळे पिवळे दिसणे, पोटात पानथरी वाढणे, सतत रक्त कमी असणे ही त्याची लक्षणे. ती संधिवात, कावीळ किंवा हिवतापातही दिसतात, त्यामुळे आजार सहज लपून राहतो.

त्याचा शोध फार दूर लागला. शिकागोतील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असल्याचे दाखवले. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत सापडण्याची ही पहिलीच वेळ. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका बदल शोधला : बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, पेशी ताठरते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात.

भारतात ही विळ्याच्या आकाराची पेशी प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत नोंदली गेली. मध्य भारतातील नोंद नागपूरची. शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

हिमोग्लोबिनमधील हा बदल घडवणारे जनुक इतके टिकले कसे, याचे उत्तर हिवतापात आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच ते मिळालेल्या वाहकाला गंभीर हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवले. जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात हा तर्क सहज पटतो. त्यासाठी मामा (माजी मालगुजारी) तलावांना, म्हणजे त्यांतील डासांना, दोष देण्याचा मोह होईल, पण तलाव काही शतकांचे. जनुक त्याहून फार जुने. महाराष्ट्रातील भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के आढळले आहे. आजार केवळ आदिवासींचा मात्र नाही. विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांतही तो आहे.

१९८० च्या दशकात डीएनएच्या अभ्यासातून भारतातील जनुक आफ्रिकेतल्यापेक्षा स्वतंत्रपणे उपजल्याचे दिसले. या भारतीय प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतरही जास्त उरते आणि ते पेशीला विळा होऊ देत नाही. त्यावरून भारतातला आजार सौम्य, अशी समजूत रूढ झाली. विदर्भातील बालरुग्णांनी ती खोटी ठरवली. कर्करोगावर वापरले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध या गर्भीय हिमोग्लोबिनचेच प्रमाण वाढवते. १९९५ च्या अमेरिकी चाचणीने प्रौढांमध्ये त्याचा उपयोग सिद्ध केला. नागपूरच्या २०१२ मधील अभ्यासात वजनाच्या दर किलोला रोज १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेनेही मुलांच्या वेदनांचे झटके घटले. मोठ्या मात्रेसाठी वारंवार रक्ततपासणी लागते, म्हणून खेड्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा.

तपासणी गावापर्यंत पोहोचायला मात्र अर्धे शतक लागले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील सोल्युबिलिटी चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते; ‘एएस’ म्हणजे वाहक की ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्यांनीच कळते. दोन वाहकांच्या लग्नात प्रत्येक गर्भारपणी रुग्ण मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, हा गैरसमज अनेक घरांना महागात पडला आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ ची मुदत हे तिचे लक्ष्य. २०२३ च्याच अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रावर आधारलेल्या पहिल्या जनुकोपचाराला मान्यता मिळाली. तोही गर्भीय हिमोग्लोबिनच पुन्हा सुरू करतो, पण त्याआधी तीव्र केमोथेरपी द्यावी लागते आणि खर्च कोट्यवधींचा आहे. जिल्ह्यातील रुग्णाचे उपचार आजही हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक अ‍ॅसिड आणि गरजेनुसार रक्त यांवरच चालतात.