लेनी, बेंजी आणि त्यांचे सोबती

बौद्धिक अक्षमता असलेला नायक कथात्म साहित्यात सहसा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर कोणीतरी सोबती असतो आणि नायकाची म्हणून वाचलेली कथा पुष्कळदा त्या सोबत्याचीच निघते. आठ वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन अमेरिकन कादंबऱ्या या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

विल्यम फॉकनरच्या 'द साउंड अँड द फ्यूरी'मधला (१९२९) बेंजी तेहेतीस वर्षांचा आहे. त्याला बोलता येत नाही. तरीही कादंबरीचा पहिला भाग त्याच्याच जाणिवेतून उलगडतो. त्याची राखण करणारा लस्टर हा घरातल्या कृष्णवर्णीय मोलकरणीचा, डिल्सीचा, नातू. त्याचे लक्ष स्वतःच्या हरवलेल्या नाण्यावर आहे. त्याच्याआधी हे काम डिल्सीच्या मुलांकडे होते. सोबती बदलत राहतात, कारण इथे सोबत हा मैत्रीचा नव्हे, वर्णव्यवस्थेने लादलेल्या चाकरीचा भाग आहे. तरीही ईस्टरच्या दिवशी बेंजीला चर्चमध्ये नेते ती डिल्सीच.

बेंजीचे खच्चीकरण झालेले आहे आणि जॅक्सनच्या वेड्यांच्या इस्पितळाची टांगती तलवार त्याच्यावर आहे. हा तपशील लेखकाच्या कल्पनेपुरता नव्हता. सक्तीचे निर्बीजीकरण घटनाबाह्य नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये 'बक विरुद्ध बेल' खटल्यात दिला होता. कॅलिफोर्नियात असा कायदा १९०९ पासूनच होता आणि त्याखाली तिथे सुमारे २०,००० माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या.

त्याच कॅलिफोर्नियात जॉन स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन' (१९३७) घडते. इथला सोबती जॉर्ज हा नोकर नाही, नातलगही नाही. लेनी आपला चुलतभाऊ असल्याचे तो मालकाला खोटेच सांगतो. एका मजुराने दुसऱ्याची इतकी काळजी घ्यावी, याचाच मालकाला संशय येतो. बेंजी मुका असून आपण त्याच्या मनात शिरतो. लेनी बोलतो, पण शेवटचा भास सोडल्यास निवेदन त्याच्या बाहेरच राहते. कँडीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दुसऱ्याने गोळी घातली, ती आपणच घालायला हवी होती, अशी कँडीची खंत. तिचा धागा पकडून जॉर्ज अखेरीस लेनीला स्वतः मारतो. कोंडून, बांधून ठेवणाऱ्या संस्थेपेक्षा हा मृत्यू बरा, असे वाचकालाही पटू लागते. त्या पटण्यातच कादंबरीचे सामर्थ्य आहे आणि धोकाही.

पडद्यावर हा झुकाव वाढतो. १९९२ च्या चित्रपटात दिग्दर्शक गॅरी सिनीज स्वतःच जॉर्ज झाला आहे आणि सारी कथा मालगाडीच्या डब्यात एकट्या बसलेल्या जॉर्जच्या आठवणीच्या चौकटीत बसवली आहे. लेनी उरतो तो सोबत्याची स्मृती म्हणून.

हा प्रश्न केवळ समीक्षेचा नाही. बौद्धिक अक्षम व्यक्तीला देहदंड देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले. अक्षम कोण, हे ठरवणे मात्र राज्यांवर सोपवले. २००४ मध्ये टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने यासाठी लेनीचेच उदाहरण घेतले: त्याला सूट मिळावी, हे बहुतेक टेक्सासवासीयांना मान्य होईल, असे म्हटले. पुढे निकष दिले: आरोपी योजना आखून पार पाडतो का, खोटे बोलू वा तथ्य लपवू शकतो का, इत्यादी. २०१२ मध्ये टेक्सासने अशा एका कैद्याला मृत्युदंड दिला, तेव्हा स्टाइनबेकच्या मुलाने, थॉमसने, वडिलांच्या पात्राच्या या वापराचा जाहीर निषेध केला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निकष फेटाळले.

कादंबरी नीट वाचली, तर दिसते की लेनी मेलेला उंदीर लपवू पाहतो, गुहेत निघून जाण्याची धमकी देऊन जॉर्जला वळवतो आणि संकटात ठरल्याप्रमाणे नदीकाठच्या झुडपांत येऊन लपतो. म्हणजे त्याच्याच नावाने सुरू झालेल्या कसोटीवर तो स्वतःही कदाचित उतरला नसता! न्यायालयासमोर होता तो संहितेतला लेनी नव्हे, सोबत्याच्या डोळ्यांनी पाहिलेला, लोकस्मृतीत गोठलेला निरागस महाकाय. वर्गात ही कादंबरी शिकवताना जॉर्जच्या दुःखाला जागा द्यावीच. पण लेनीच्या या छोट्या, हट्टी हुशाऱ्याही मोजाव्यात, असे आम्हांस वाटते.