भोंगा आणि घरची कचेरी

परळ-लालबागच्या गिरण्यांत पूर्वी सूर्यास्त होताच काम थांबे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली रविवारची सुटीही मिळाली. पुढे १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि कित्येक गिरण्यांत कामाचा दिवस चौदा तासांवर गेला. अखेर १९११ च्या कायद्याने बारा तासांची मर्यादा घातली.

२०२० च्या टाळेबंदीत गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांत कचेरीच शिरली. गिरणीचा भोंगा कर्कश खरा. परंतु काम सुटल्याचेही तोच सांगे. घरच्या संगणकास भोंगा नाही. जेवणाच्या पानावर साहेबांचा निरोप येतो, मन उद्विग्न होते, आणि उद्विग्न मनाच्या हातून काम चुकते. यंत्र आपण होऊन थांबत नाही. त्याची वेळ माणसांनीच ठरवावी लागते, हाच धडा आम्हांस या इतिहासात दिसतो.