दुनळीचा दस्ता आणि कारखान्याची वही

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, सनदा, महजर आणि पत्रे यांचेच स्मरण आपणांस प्रथम होते. परंतु देवस्थानची जमाखर्चाची जुनी वही ज्याने कधी चाळली आहे तो जाणतो की, सनदेत जे सापडत नाही ते पुष्कळदा एखाद्या कारकुनाच्या कोरड्या नोंदीत सापडते. नोंद करणाऱ्यास इतिहास लिहावयाचा नसतो. म्हणूनच त्याच्या शब्दावर विश्वास अधिक बसतो. कै. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि बखरीहून अस्सल कागद श्रेष्ठ, हा दंडक घालून दिला. हाच दंडक अगदी निराळ्या वस्तूस, म्हणजे छर्ऱ्याच्या जुन्या दुनळी बंदुकीस, लावला असता काय हाती लागते, ते येथे पाहावयाचे आहे.

याकरिता अमेरिकेतील पार्कर बंधूंच्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. कनेटिकट संस्थानातील मेरिडन गावी चार्ल्स पार्कर हा प्रथम कॉफी दळण्याची यंत्रे व घरगुती लोखंडी सामान करीत असे. अमेरिकेतील यादवी युद्धात त्याच्या कारखान्याने लष्करी बंदुका केल्या, आणि युद्ध संपल्यावर, १८६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, तेथे दुनळ्या तयार होऊ लागल्या. १९३४ साली हा धंदा रेमिंग्टन कंपनीने विकत घेतला आणि १९४० नंतर थोड्याच वर्षांत या बंदुकांचे उत्पादन थांबले. तोवर अनुक्रमांक सुमारे २ लाख ४२ हजारांपर्यंत गेले होते.

प्रत्येक बंदुकीच्या नळीवर, सांगाड्यावर आणि चापाच्या संरक्षक पट्टीच्या शेपटावर तिचा क्रमांक कोरलेला असे. तोच क्रमांक कारखान्याच्या वहीत लिहिला जाई. वह्या दोन प्रकारच्या होत्या. एकीत गिऱ्हाइकाची मागणी व दुरुस्तीस परत आलेल्या बंदुकांची हकीकत. दुसरीत तयार मालाची नोंद. नळीचा व्यास, पोलादाची जात, नळ्यांची लांबी, बंदुकीची प्रत, दस्त्याची घडण आणि मापे, असा सारा तपशील त्यांतून मिळतो.

या तपशिलात सर्वांत बोलके काय असेल तर ते दस्त्याचे माप होय. नळी पोलादाची, ती कोणाच्याही हाती सारखीच. दस्ता मात्र अक्रोडाच्या लाकडाचा, आणि तो धरणाऱ्याच्या अंगलटीस जुळावा लागतो. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी साधारणतः १४ इंचांच्या आसपास असते. हात आखूड असल्यास ती कमी, लांब असल्यास अधिक. नळ्यांच्या वरच्या रेषेपासून दस्ता किती खाली उतरतो, हे दुसरे माप. तो डावी-उजवीकडे किती कललेला आहे, हे तिसरे. इंचाच्या आठव्या हिश्शाचाही येथे हिशेब होतो. त्यामुळे वहीतील या आकड्यांवरून, ज्याचे चित्र कोठेही उरलेले नाही अशा माणसाचा बांधा अंदाजाने कळू शकतो.

इतकेच नव्हे, तर एका काळाची रीतही त्यांतून दिसते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन दुनळ्यांचा दस्ता टोकाशी तीन इंच, क्वचित त्याहूनही अधिक उतरता आढळतो. विसाव्या शतकात हा उतार कमी होत गेला. कारण असे की, पूर्वीचा नेमबाज मान ताठ ठेवून नेम धरी, पुढचा गाल लाकडाला टेकवू लागला. ही गोष्ट कोणा ग्रंथकाराने सांगितली नसती तरी मापांच्या ओळींनी ती सांगितलीच असती.

लाकूड हे बंदुकीचे सर्वांत दुबळे अंग होय. नवा मालक दस्ता कापतो, मागे रबराची गादी बसवतो, मोडल्यास नवा घालतो. शिवाय दुर्मिळ वस्तूस मोल येताच लबाडीही येते. हलक्या प्रतीच्या दुनळीवर मागाहून नक्षी कोरून ती उंची म्हणून विकण्याचे प्रकार पार्कर बंदुकांच्या बाबतीत पुष्कळ झाले आहेत. अशा वेळी विक्रेत्याची रसाळ कथा ही बखर, आणि वही हा अस्सल कागद. वहीत साधी प्रत व आखूड नळ्या लिहिल्या असतील, तर पुढे असलेली नक्षीदार लांब नळ्यांची दुनळी आपोआप संशयास्पद ठरते.

तथापि वहीचीही मर्यादा ओळखली पाहिजे. पार्करच्या काही वह्या गहाळ झाल्या आहेत. आणि जी वही आहे ती बंदूक कारखान्यातून कशी बाहेर पडली एवढेच सांगते. पुढे ती कोणाच्या हाती गेली, हे तिला ठाऊक नसते. म्हणून वस्तू आणि कागद ही दोन्ही समोरासमोर ठेवूनच निर्णय करावा.

क्रमांकाच्या नोंदीचे सामर्थ्य आपल्या देशानेही अनुभवले आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले व ४६ हजार काडतुसे क्रांतिकारकांनी पळविली. या पिस्तुलांची लाकडी पेटीच मुठीस जोडली की तिचा दस्ता होई आणि शस्त्र खांद्याला लावून चालविता येई. परंतु प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक कंपनीच्या दफ्तरी नोंदलेला होता. त्यामुळे पुढे सापडलेली पिस्तुले त्याच लुटीतील हे पोलिसांस ओळखता आले. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात ही हकीकत आली आहे. देशभक्तांस जी नोंद घातक ठरली, तीच आज त्यांच्या साहसाचा पुरावा आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या घराण्यांत एखादी परवान्याची दुनळी अद्याप असेल, तर ‘ही अमक्या सरदारांची’ एवढ्या ऐकीव गोष्टीवर समाधान मानू नये. परवान्यावर तिचा क्रमांक असतोच. तो, करणाऱ्याचे नाव आणि दस्त्याची मापे एका कागदावर टिपून ठेवावी. कारखान्याची वही कोठे जपलेली असेल तर ताडून पाहता येईल. नसेल तर निदान आपल्या घरची एक नोंद तरी पुढच्या पिढीस मिळेल.