खमत-खामणा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला अंधेरीत घरोघर गणपती बसतात, मोदकांच्या पंगती उठतात, आणि उन्हं कलली की त्याच इमारतींतली काही कुटुंबं बसायची कटासणं आणि तोंडापुढे धरायची मुहपत्ती घेऊन उपाश्रयाची वाट धरतात. श्वेतांबर मूर्तिपूजक जैनांची संवत्सरी बहुधा याच तिथीला येते. स्थानकवासी आणि तेरापंथी ती पंचमीला पाळतात. दोन-तीन तासांचं प्रतिक्रमण आटोपलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना, गिऱ्हाइकांना, कचेरीतल्या सोबत्यांना एकच वाक्य जातं : मिच्छामि दुक्कडं. मराठी शेजारी ते गुजराती समजतो आणि 'अहो, असू दे' म्हणतो. वाक्य गुजराती नाही, प्राकृत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच दिवशी तो प्राकृतलाही मिळाला. लेकीच्या कौतुकात आईकडे जरा दुर्लक्षच झालं. या एका वाक्याच्या निमित्ताने तरी तिच्याकडे वळून पाहावं.

वाक्य तोडून लिहिलं की अर्थ उलगडतो : मिच्छा मि दुक्कडं. संस्कृतात मिथ्या मे दुष्कृतम्. माझ्या हातून घडलेलं वाईट फोल ठरो. मधला 'मि' म्हणजे 'माझं'. जोडून लिहिल्यामुळे तो क्रियापदाचा प्रत्यय वाटतो आणि 'मी क्षमा मागतो' असा अर्थ सर्रास सांगितला जातो. पण या वाक्यात मागणं कुठेच नाही, आणि 'तुम्ही'सुद्धा नाही. बोलणारा आहे आणि त्याने केलेलं कृत्य आहे. 'दुक्कड'मधला ड हा अर्धमागधीचा ठसा. आपल्या महाराष्ट्री प्राकृतात 'कृत'चं 'कअ' होतं, अर्धमागधीत 'कड'.

जुन्या आचार्यांनी या वाक्याची अक्षरागणिक फोड केली आहे. ती आवश्यकनिर्युक्तीत सापडते. पहिला 'मि' मार्दवाचा, 'च्छा' दोष झाकण्याचा, दुसरा 'मि' मेरेत राहण्याचा, 'दु' स्वतःच्या वागण्याची शिसारी येण्याचा, 'क' म्हणजे हे मी केलं, आणि 'ड' म्हणजे शांत होऊन मी ते ओलांडतो. भाषाशास्त्र ही फोड मान्य करणार नाही. मला मात्र ती मोलाची वाटते, कारण वाक्य म्हणणाऱ्याच्या मनात कोणत्या पायऱ्यांनी काय घडावं हे तिने नेमकं सांगितलं आहे. शिवाय त्यात 'मेरा' हा शब्द आला आहे. प्राकृतात मेरा म्हणजे मर्यादा, सीमा. कोकणात भातखाचराच्या बांधाला आजही मेर म्हणतात.

आपण रोज वापरतो तो 'माफी' शब्द वेगळ्या वाटेने आला. मूळ अरबी, मराठीत पोचला फारसी दरबाराच्या वळणाने. सारा माफ, गुन्हा माफ, आता कर्जमाफी. त्यात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. देण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडेच माफी मागायची. 'क्षमा'चा धातू क्षम्, म्हणजे सोसणे, पेलणे. क्षमता, सक्षम, कार्यक्षम हे सगळे त्याचेच. क्षमा करणारा तो, ज्याला झालेली इजा पेलते.

बाराव्या शतकात गुजरातेत अणहिलवाड पाटणला हेमचंद्राचार्यांनी 'सिद्धहेमशब्दानुशासन' लिहिलं. त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृतचं व्याकरण आहे आणि त्यात जवळजवळची दोन सूत्रं या चर्चेसाठी सोन्यासारखी आहेत. 'क्षमा' शब्दाचा अर्थ पृथ्वी असेल तर प्राकृतात 'छमा' होतं, एरवी 'खमा'. तसंच 'क्षण'चा अर्थ उत्सव असेल तर 'छण', काळाचा तुकडा असेल तर 'खण'. एकाच संस्कृत अक्षराची दोन रूपं झाली आणि लोकांनी अर्थानुसार ती वाटून घेतली. यातला 'छण' मराठीने घेतला. छचा स किंवा श करण्याची आपल्याला खोडच आहे : इक्षुचं उच्छु आणि मग ऊस, कुक्षीचं कुच्छि आणि कूस, मक्षिकेचं मच्छिआ आणि माशी, क्षेत्राचं छेत्त आणि शेत. तसाच छणाचा सण झाला. सण हा शब्द इतका आपला आहे की तो क्षणातून आला हे कुणाला सांगून पटत नाही.

'खमा' मात्र पश्चिमेकडे अधिक रमली. गुजरातीत खमवुं म्हणजे सोसणं. राजस्थानात 'खम्मा घणी' म्हणून अभिवादन करतात. संवत्सरीला जैन मंडळी एकमेकांना भेटून करतात ते 'खमत-खामणा'. याचं व्याकरण मराठी माणसाला शिकवायलाच नको. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे. धातूतला स्वर दीर्घ केला की प्रयोजक रूप तयार. प्राकृतात खमइ म्हणजे क्षमा करतो, खामेइ म्हणजे क्षमा करायला लावतो. खमत-खामणा म्हणजे आधी आपण क्षमा करायची आणि मग समोरच्याकडून करवून घ्यायची. क्रमही तोच. नुसतं मागायला जाणाऱ्यासाठी हा शब्द बनलेला नाही.

आता तिथीकडे. मन शुद्ध करायला पंचांग कशाला पाहायचं, असं कुणी विचारलं तर जैन परंपरेचं उत्तर काटेकोर आहे. प्रतिक्रमण म्हणजे मागे पाऊल घेणं, हद्द सोडून गेलेल्याने आपल्या जागी परतणं. ते पाच प्रकारचं : रात्रीच्या चुकांचं रायी, दिवसाच्या चुकांचं देवसी, पंधरवड्याचं पक्खी, चार महिन्यांचं चौमासी आणि वर्षाचं संवत्सरी. कर्मग्रंथांत रागाच्याही मुदती दिल्या आहेत. पाण्यावरच्या रेघेसारखा राग पंधरवडाभर टिकतो, वाळूतल्या रेघेसारखा चार महिने, जमिनीच्या भेगेसारखा वर्षभर, आणि डोंगराला पडलेल्या तड्यासारखा जन्मभर. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. पक्खी, चौमासी, संवत्सरी ही प्रत्येक तिथी रागाच्या एकेका मुदतीवर नेमकी येऊन उभी आहे. वर्ष उलटलं आणि मनातली अढी तशीच राहिली, तर ती जन्माची झाली.

म्हणूनच या तिथीची एक कथा मला फार मोठी वाटते, आणि ती पैठणला घडते. कल्पसूत्राप्रमाणे महावीरांनी पावसाळ्याचा एक महिना आणि वीस रात्री उलटल्यावर पर्युषण, म्हणजे संवत्सरीचं पर्व, केलं. आषाढी पौर्णिमेपासून पन्नास दिवस मोजले की भाद्रपद शुद्ध पंचमी येते. कालकाचार्य प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला आले असता सातवाहन राजाने त्यांना अडचण सांगितली : पंचमीला आमच्याकडे इंद्राचा उत्सव असतो, लोक तिकडे गुंततील, पर्युषण षष्ठीला करता येईल का? आचार्य म्हणाले, पंचमीची रात्र ओलांडता येणार नाही. मग चतुर्थीला? चतुर्थी चालेल. निशीथचूर्णीत आलेली ही परंपरेची कथा आहे. सातवाहनांच्या दारात, महाराष्ट्री प्राकृत ज्या मातीत वाढली तिथे, ही तिथी एक दिवस अलीकडे आली. क्षमा लवकर झाली तर चालते, उशिरा नाही. आज त्याच चतुर्थीला अंधेरीत गणेशोत्सव सुरू होतो आणि एकाच जिन्यावर दोन्ही घरची माणसं एकमेकांना वाट देतात.

पावसाळाच का, हेही शब्दांत सापडतं. पर्युषणात वस् धातू आहे, एका जागी राहणं. तोच बौद्धांच्या उपोसथात आणि आपल्या उपवासात. एरवी भटकणारे भिक्षू आणि साधू पावसाळ्यात एका छपराखाली राहत, आणि माणसं जवळ राहिली की एकमेकांना लागतंच. अंधेरी पूर्वेला महाकाली केव्हज रोडच्या टोकाशी कोंडिवट्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या चैत्यात गोल गर्भगृहातला स्तूप आहे, आणि विहाराचं दान नोंदवणारा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेखही. भिक्षुसंघाचा नियम असा की पंधरवड्याच्या उपोसथाला आपला दोष आधी सांगायचा, आणि वर्षावास संपताना, आश्विन पौर्णिमेला, प्रवारणा करायची. प्रवारणेत भिक्षू संघालाच विनवतो : माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं किंवा तुम्हाला शंका आली असेल तर मला सांगा. स्वतःच्या चुका दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची ही तयारी मला क्षमा मागण्याहून अवघड वाटते. वर्षावास हा शब्द महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांत आज पुन्हा रोजच्या बोलण्यात आहे. त्या काळात विहारांतून बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. लेण्यांपासून फार लांब नाही, सीप्झच्या आवारात १५७९ सालच्या पोर्तुगीज चर्चचे अवशेष उभे आहेत. पापनिवेदनाला कोकणीत कुमसार म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांबरोबरच आला. वर्षातून एकदा तरी ते करावं हा रोमन चर्चचा नियम १२१५ सालचा.

आणि सातासमुद्रापार ग्वाटेमालाच्या डोंगरांत किचे माया लोकांचं २६० दिवसांचं पंचांग आहे. तेरा अंक आणि वीस नावं एकमेकांत गुंफून ते चालतं. त्या वीस नावांत एक आहे आहमाक. माक म्हणजे दोष, आहमाक म्हणजे दोष असलेला. त्या दिवशी पूर्वजांची क्षमा मागतात. दर वीस दिवसांनी तो फिरून येतो.

मराठीने खमणं-खामणं ही जोडी बोलण्यात ठेवली नाही. पण तिच्या जवळ जाणारं एक वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आणि ते आलं हिशेबाच्या वहीतून : चूकभूल द्यावी घ्यावी. पावतीच्या तळाशी, यादीच्या शेवटी, पत्राच्या कोपऱ्यात चू. भू. द्या. घ्या. अशी चार अक्षरं. बेरीज जास्त झाली असेल तर परत देऊ, कमी झाली असेल तर मागून घेऊ. यातही दोन्ही बाजूंची नोंद आहे, आणि वही बंद होण्याआधीच ती लिहायची असते.