डावीकडचा कन्स्ट्रक्टर

आमच्या इंझोरीत (जिल्हा वाशीम) शेत विचारलं की दोनच उत्तरं: कोरडवाहू नाहीतर ओलिताचं. ओलिताचं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, विहीर की बोअर? कोरडवाहूला हा प्रश्नच लागू नाही. आता हेच आपण जावात कसं लिहायचो? एक क्लास, त्यात पाण्याचं फील्ड, आणि कोरडवाहू असेल तर तिथे नल. मग कधीतरी नलपॉइंटर एक्सेप्शन...

यावरचा उपाय आपल्या जन्माआधीचा आहे मंडळी! रॉड बर्स्टॉलने 1969 मध्ये प्रोग्रॅमची अचूकता सिद्ध करण्यासाठी डेटाचे प्रकार पाडून एकेक प्रकार तपासायची पद्धत मांडली. त्यातूनच पुढे 1980 मध्ये एडिंबरात बर्स्टॉल, मॅक्वीन आणि सॅनेला यांची 'होप' ही भाषा आली. तिच्यात टाइप म्हणजे कन्स्ट्रक्टरांची यादी आणि फंक्शन म्हणजे प्रत्येक कन्स्ट्रक्टरसाठी एक समीकरण. गंमत अशी, की समीकरणाच्या उजवीकडे 'ओलित' हा शब्द शेत बांधतो आणि डावीकडे तोच शब्द शेत उकलून आतली विहीर हातात देतो. कोरडवाहूच्या समीकरणात पाणी हा शब्दच नाही, मग नल कुठून येणार? (होप हे नाव ज्या चौकावरून आलं, तो सर थॉमस होप या स्कॉटिश शेतीसुधारकाच्या नावाचा. म्हणजे माझं उदाहरण अगदीच आगंतुक नाही!)

पण ही सोय फुकट नाही. एकदा लोक तुमचे कन्स्ट्रक्टर डावीकडे लिहू लागले, की आतली रचना बदलायची सोय संपली. त्यासाठी फिलिप वॅडलरने 1987 मध्ये 'व्ह्यूज' सुचवले: आत काहीही असो, बाहेरून उकलायला वेगळा चेहरा द्या. कल्पना मला फार आवडते, पण प्रमाण हास्केलने ती घेतली नाही. उलट एन-प्लस-के पॅटर्न, म्हणजे आकड्यांना दिलेली खास सवलत, तीसुद्धा हास्केल 2010 मध्ये काढली. बरंच झालं म्हणा.

आपल्याकडेही हे वारं आलं होतं. मार्क जोन्सची गोफर ही हास्केलची धाकटी बहीण. शिकवण्यासाठी तिच्यात बदल करून पुणे विद्यापीठात 'पुगोफर' तयार झाली.

पायथनमध्ये मॅच 2021 मध्ये आलं, जावा 21 मध्ये रेकॉर्ड पॅटर्न 2023 मध्ये. पण दोघांत फरक आहे. उद्या कालव्याचं पाणी आलं आणि तिसरा प्रकार वाढला, तर सील्ड टाइपवरचा, डीफॉल्ट नसलेला जावाचा स्विच कंपाइलच होणार नाही. पायथन गुपचूप पुढे जाईल. आणि हास्केल? तिथला कंपायलर नुसती वॉर्निंग देतो, तीही फ्लॅग लावलात तर.