स्वातंत्र्याचे गुणपत्रक

राष्ट्राची आर्थिक स्वतंत्रता आकड्यांत मोजता येईल काय? अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन व मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकात हा प्रश्न हाती घेतला. त्यातूनच १९९६ साली कॅनडातील फ्रेझर इन्स्टिट्यूटचा पहिला अहवाल निघाला. सुमारे शंभर देशांच्या १९७५ पासूनच्या वाटचालीची तुलना त्यात होती. शासनाचा आकार, कायदा व मालमत्तेचे रक्षण, चलनाचे स्थैर्य, परदेशी व्यापार आणि निर्बंध या पाच कसोट्यांवर आज तेथे शून्य ते दहा गुण दिले जातात.

या यादीत हाँगकाँगने दीर्घकाळ पहिला क्रमांक राखला. करांचे ओझे हलके, बंदर खुले. १९६१ ते १९७१ या काळात तेथील वित्तसचिव असलेले जॉन कूपरथ्वेट तर राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे गोळा करण्यासही राजी नव्हते; आकडे हाती आले की सरकारला ढवळाढवळीचा मोह होतो, अशी त्यांची धारणा.

परंतु इतिहास गुणपत्रकापेक्षा अधिक बोलतो. हाँगकाँगची जमीन सरकारी मालकीची असून ती भाडेपट्ट्याने दिली जाते. सेंट जॉन्स या अँग्लिकन कॅथेड्रलची जागा तेवढी अपवाद. जमिनीच्या या उत्पन्नामुळेच कर कमी ठेवणे सोपे झाले. १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेई येथील झोपड्यांना आग लागली आणि पन्नास हजारांहून अधिक लोक बेघर झाले. त्यानंतर सरकारने स्वतःच मोठ्या प्रमाणावर घरे बांधली. म्हणजे ‘मुक्त’ बाजाराच्या या नगरीत गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर सरकारी होते.

१ मे २०११ रोजी तेथे ताशी २८ हाँगकाँग डॉलर हे किमान वेतन कायद्याने लागू झाले. निर्देशांकाच्या रीतीप्रमाणे असा कायदा निर्बंधात मोडतो. झाडलोट करणाऱ्या बाईचे स्वातंत्र्य त्याने वाढले की घटले?

२०२१ साली तर फ्रेझरच्या यादीत हाँगकाँग पहिले होते, आणि अमेरिकेतील हेरिटेज फाउंडेशनने मात्र, तेथील धोरणे अखेर बीजिंगच्या हाती आहेत असे म्हणून, त्याला आपल्या यादीतून वगळले. शहर एकच, निवाडे दोन.

अशी मोजमापे निरर्थक आहेत असे आम्ही म्हणत नाही. चलनाची घसरण वा परवान्यांचा फास ती अचूक टिपतात. तथापि, वाचकहो, क्रमांक वाचताना कसोटी कोणी ठरवली आणि तिच्यातून कोण निसटले, हे दोन प्रश्न विचारल्याविना पान उलटू नये, असे आम्हांस वाटते.